नाशिकच्या उन्हाळ्यात सशाचं घर

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० अंशांना टेकतो आणि सशाला ३० च्या वरच त्रास सुरू होतो. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. म्हणून पिंजरा गच्चीवर, पत्र्याखाली अजिबात नको. घरातल्या गार फरशीवर ठेवा. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली की ससा स्वतःच तिला टेकून बसतो. तोंड उघडून धापा टाकू लागला तर कान साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्याने जीव जातो.

जाळीच्या तळाने तळपाय सोलतात. वर चटई हवीच. खाण्यात मुख्य सुकं गवत. द्राक्षं इथे मुबलक, पण साखर फार. आठवड्याला एक-दोन पुरे. बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील, तर सकाळची वाट पाहू नका.