ऊन इकडंही तेच, मग गाडी कन्नड घाटातच का तापते?

जुलै-ऑगस्टमध्ये इकडं शारजात सावलीतला पारा ४५ च्या पुढं जातो. उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवत नाही. तरी संध्याकाळी दुबईहून शारजाकडं येणाऱ्या रांगेत तासभर एसी फुल सोडून सरपटणाऱ्या गाड्यांचा तापमानाचा काटा मधोमध असतो. तिकडं मे महिन्यात परभणी-नांदेडला ४२-४३ झालं की रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून, हातात पाण्याची बाटली घेऊन उभी असलेली माणसं दिसायला लागतात. औट्रम घाटात, म्हणजे आपल्या कन्नड घाटात, तर पहिल्या गिअरमध्ये चढताना हमखास.

आखाती देशांसाठीच्या गाड्यांचे रेडिएटर, म्हणजे इंजिनचं गरम पाणी हवेनं गार करणाऱ्या जाळ्या, मोठे असतात, असं कुणी म्हणेल. काही मॉडेलांत ते खरं आहे. पण भारतात विकली जाणारी गाडीही भारतातला उन्हाळा धरूनच बनवलेली असते. उन्हानं गाडी बिघडत नाही, आधीच बिघडलेलं उन्हात उघडं पडतं. हिशेब साधा आहे. रेडिएटरमधलं पाणी ९५ अंश आणि बाहेरची हवा ३० अंश असेल, तर फरक ६५ चा. हवा ४५ झाली की फरक ५० वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर जवळजवळ पाव हिश्श्यानं कमी उष्णता बाहेर टाकतो. नव्या गाडीत तेवढी ऐपत राखून ठेवलेली असते. नळ्या क्षारानं बुजत आलेला रेडिएटर मात्र दिवाळीत गप्प बसतो आणि मे महिन्यात पाणी ओकतो.

इकडच्या आणि तिकडच्या गाडीत खरा फरक रेडिएटरमध्ये काय ओतलं जातं याचा आहे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजांत केरळपासून पेशावरपर्यंतचे फिटर आहेत, बोलणं सगळं हिंदी-उर्दूत. पण बरं गॅरेज असेल तर नळाचं पाणी रेडिएटरमध्ये जात नाही. आपल्याकडं मात्र बोअरचं पाणी सरळ ओततात. काळ्या पाषाणातून आलेलं ते पाणी जड. बादलीच्या आत जो पांढरा थर धरतो, तोच थर इंजिनच्या सगळ्यांत तापणाऱ्या भागांवर, म्हणजे सिलिंडरभोवती आणि त्यावर बसणाऱ्या हेडच्या वाटांमध्ये बसतो. वर गंजरोधक रसायन नाही, म्हणून लोखंडाला गंज चढतो, अॅल्युमिनियम झिजतं, वॉटर बॉडीचं, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, सील खराब होतं. आरओचं पाणी यापेक्षा बरं, पण गंज तेही थांबवत नाही.

कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं गंजरोधक रसायन, थंडीच्या प्रदेशासाठी असतं, आपल्याला काय करायचंय, हा समज तर पार काढून टाका. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथं उघडं पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम करतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाबाचा. १.१ च्या झाकणाखाली साधं पाणी १२० अंशांपर्यंत दम धरतं, आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर १२८-१३० पर्यंत. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा फायदा गेला. काटा मधोमध आहे, तरी पाणी उसळून बाहेर येतंय, असं असेल तर पहिला संशय झाकणावर घ्या. सगळ्यांत स्वस्त वस्तू आहे आणि सगळ्यांत शेवटी बदलली जाते. बदलताना मात्र आकडा तोच घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुना होज पाइप फुटतो.

आता गाडी नेमकी कधी तापते, ते बघा. अर्धं निदान त्यातच होतं.

ट्रॅफिकमध्ये किंवा उभ्या उभ्या तापते आणि मोकळ्या रस्त्यावर उतरते, तर दोष हवेचा. एसी लावा, रेडिएटरचा फॅन लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला वीज सोडणारा छोटा स्विच), मग मोटर. रिले तपासायला फ्यूज बॉक्समधला तसाच दुसरा रिले अदलाबदल करून बघा. एसीवर फिरतो पण एरवी काटा चढला तरी फिरत नाही, तर बहुधा टेंपरेचर सेन्सर. बऱ्याच गाड्यांत सेन्सरचं कनेक्टर काढलं की फॅन आपोआप फुल सुटतो. सुटला तर मोटर आणि रिले ठीक आहेत. जुन्या बोलेरो, सुमोसारख्या गाड्यांत पट्ट्यावर चालणारा फॅन असतो, त्याच्या मध्ये व्हिस्कस क्लच, म्हणजे गरम झाल्यावर फॅनला पकडणारा क्लच. गरम इंजिन बंद करून फॅन हातानं फिरवा. थोडा अडून फिरला पाहिजे. भिंगरीगत चार-पाच फेरे मारत राहिला तर क्लच गेला. इंजिन चालू असताना तिथं हात नेऊ नका, हे सांगायची गरज नसावी.

फॅन ठीक असूनही उभ्यानं तापत असेल तर रेडिएटरची जाळी बघा. इकडं वाळू अडकते, तिकडं कापसाची बोंडं-तंतू आणि ज्वारीचं भूस. पुढून स्वच्छ दिसतं, कारण कचरा एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, कमी दाबानं पाणी मारा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्यानं जाळीची पातळ पाती आडवी होतात आणि वाट कायमची बंद होते. जाळीपुढं बसवलेले जाडजूड गार्ड, लाइटच्या पट्ट्या आणि पदाच्या पाट्याही हवा अडवतात. पद मोठं असेल तर पाटी छपरावर लावा.

उलट, गावात ठीक आणि हायवेला किंवा चढाला तापते, तर दोष पाण्याच्या फिरण्यात. कूलंट कमी आहे, रेडिएटर आतून बुजलाय, वॉटर बॉडीची पाती झिजलीत किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, अर्धवट उघडतोय. वॉटर बॉडीच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ किंवा वाळलेला पांढरा-हिरवा डाग दिसला तर सील गेलं. खालचा मोठा होज पाइपही बघा. कुणाला तरी इंजिन ३,००० आरपीएमवर धरायला सांगा. पाइप चपटा होत असेल तर रबर सैल पडलंय आणि पंप पाण्याऐवजी पाइपच ओढतोय. आतून बुजलेला रेडिएटर ओळखायला इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवरून फिरवा. मध्येच थंड पट्टे सापडले तर तेवढ्या नळ्या बंद.

सीएनजी-एलपीजी किट बसवलेल्या गाड्यांत एक जास्तीची जागा आहे. रिड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, गरम ठेवायला कूलंटच्या पाइपमधून दोन फाटे काढलेले असतात. त्यांच्या क्लिपा ढिल्या पडून गळती होते किंवा तिथं हवा अडकते, आणि मालक रेडिएटर बदलत बसतो.

थंड इंजिन चालू केल्यावर काही मिनिटांतच काटा टोकाला गेला, आणि रेडिएटरचा खालचा पाइप अजून थंडगार आहे, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. काढून पातेल्यात पाण्यात लटकवा, थर्मामीटर टाका, तापवा. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडायला लागतो, नेमका आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. ९५ च्या पुढं तो पूर्ण, ८-१० मिलीमीटर उघडला पाहिजे. इथंच आपल्याकडचा लाडका जुगाड येतो: थर्मोस्टॅट काढूनच टाका! बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या टोकानं बायपासची वाट बंद करतो. तोच काढला की बायपास कायम उघडा राहतो, गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनमध्येच घिरट्या घालतं आणि चढाला गाडी आणखी तापते. बाकीच्या इंजिनांत उलटं होतं. इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये चिखल धरतो. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचंही तेच. वसमतची हळद उत्तम असते, पण ती गळतीच्या भोकाबरोबर हीटरच्या बारीक नळ्याही तितक्याच मनापासून बुजवते.

हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि सिलिंडरच्या मधलं सील, गेलं का, ते सकाळी थंड इंजिनवर बघा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. सुरुवातीचे चार बुडबुडे सोडून द्या, पण थांबतच नसतील तर ज्वलनाचा गॅस पाण्यात येतोय. दुसरी खूण म्हणजे झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडागत कडक होणं. ऑइल दुधाळ झालं किंवा पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर वेगळी तपासणी नको. हेड उतरवलं की सरळ पट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या) लावल्याशिवाय नवं गॅसकेट बसवू देऊ नका. छोट्या इंजिनात साधारण ०.०५ मिलीमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही, जास्त असेल तर घासून सपाट (फेसिंग) करावंच लागतं. हेडचे बोल्टही बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचे असतात.

कूलंट भरताना होणारी चूक प्रमाणाची. सिस्टीम पाण्यानं धुतल्यावर (फ्लश) इंजिनच्या ब्लॉकमध्ये एक-दीड लिटर पाणी उरतं, वरून तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या. ५ लिटरची सिस्टीम असेल तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट, मग भरेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर. शेवटचं खळबळणंही डिस्टिल्डनंच. रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल हा काही ठरलेला नियम नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार बघा, दोन प्रकार मिसळले तर गाळ धरू शकतो. भरताना हीटर फुल गरमवर, गाडीचं तोंड चढाला, होज पाइप दाबत राहायचं, आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री-शेरडं चाटतात.

रस्त्यात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. मे महिन्यात जीव नकोसा होईल, पण तो छोटा रेडिएटरच आहे. तरी उतरला नाही तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पाऊण तास थांबा. वरचा पाइप दाबून मऊ लागेपर्यंत झाकणाला हात नाही, आणि तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी तर मुळीच नाही, हेड तडकतं. थंड झाल्यावर जवळ काहीच नसेल तर बिसलेरीची बाटली ओता, पण घरी आल्यावर पुन्हा काढून टाका. आणि काटा टोकाला जाऊन एकाएकी खाली आला, तर गाडी थंड झाली असं समजून पुढं काढू नका. पाणी इतकं संपलंय की सेन्सर कोरडा पडलाय. तिथून गाडी टोचन लावूनच आणायची.