एलायझाचा ए आणि माझा ण

रविवारी भांडी घासताना मी 'माय फेअर लेडी' लावते. घरच्यांना आता सवय झालीये, नळ सुरू झाला की रेक्स हॅरिसन सुरू.

१९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेलं हे म्युझिकल, तिथे त्याचे २७१७ प्रयोग झाले, तोवर कुठल्याच म्युझिकलचे तेवढे झाले नव्हते. आणि गंमत म्हणजे यातल्या हिरोला, म्हणजे या रेक्स हॅरिसनला, गाताच येत नाही! आपल्याकडे संगीत नाटकात असं कोणी उभं केलं असतं तर अख्खी पहिली रांग चहा प्यायला उठली असती. ब्रॉडवेच्या आधी न्यू हेवनला पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तर हा बाबा ऑर्केस्ट्राला घाबरून ड्रेसिंग रूममध्येच बसून राहिला, मी येतच नाही म्हणे, मग कसाबसा आला. गाणी तो तालात बोलतो, बस. पण लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढत फिरणारा प्रोफेसर असाच बोलणार ना, गायचं ते एलायझाने, म्हणजे वीस वर्षांच्या ज्युली अँड्र्यूजने.

फुलं विकणाऱ्या एलायझाला प्रोफेसर शुद्ध बोलायला शिकवतो, ही गोष्ट आपल्याला नवी नाहीच. मूळ बर्नार्ड शॉचं नाटक 'पिग्मॅलियन', आणि त्यावरूनच पुलंनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' केलं, भक्ती बर्वेंची मंजुळा कोण विसरेल. पण मला म्युझिकलमधला तो एक सीन लागतो. रात्र झालीये, सगळे पेंगुळलेत, ही पोरगी कधीची 'रेन'ला 'राइन' म्हणतेय, आणि अचानक तिला तो ए जमतो. एकदम हळू, घाबरत म्हणते. मग परत. आणि ती, प्रोफेसर आणि त्याचा मित्र, तिघं मिळून नाचायलाच लागतात!

मी पुण्यात शिकायला आले तेव्हा पाण्याला पानी म्हणायचे. हॉस्टेलवर कोणी वाईट नव्हतं हां, पण जेवताना मुली मुद्दाम "पानी दे गं" म्हणायच्या आणि मीपण हसायचे. मग रात्री पांघरुणात पाणी, लोणी, आणि, कोणी अशी घोकंपट्टी. महिन्या-दीड महिन्यात जमलं. कोणी नाचलं वगैरे नाही, कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, मस्करी थांबली एवढंच. म्हणून बहुतेक तो सीन आला की माझा साबणाचा हात तसाच थांबतो, ती खूश होते ते खरं वाटतं आणि तेवढ्यातच तिचं काहीतरी गेलं असंही वाटतं. आईशी फोनवर मात्र माझं पानीच असतं, ते मी मुद्दाम नाही करत.

म्युझिकलचा शेवट मला कधीच पटला नाही. एवढं भांडून एलायझा परत येते आणि हा प्रोफेसर हॅट डोळ्यांवर ओढून विचारतो, माझ्या सपाता कुठायत? शॉने तर तिचं लग्न तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी होतं असं लिहून ठेवलं होतं, पण तो १९५० मध्ये गेला, त्याला विचारणार कोण. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला परत केलं तेव्हा एलायझा त्याला तसाच सोडून सरळ प्रेक्षकांतून निघून जाते म्हणे. हे कसं बरं वाटतं!

परवा नेमकं शेवटचं गाणं चालू होतं आणि आतून आवाज आला, "अगं, माझा चार्जर कुठंय?"

मी नळ जरा मोठा केला.