कर्ज देणाऱ्याने दाराबाहेर थांबावं

शनिवार, ६ सप्टेंबर २०२५, रात्र

हावदाला (शब्बाथ संपवणारी प्रार्थना) झाला, शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपला, म्हणून आता वही उघडली. ज्यू पंचांगातल्या एलुल महिन्याची १४ लागली. रोश हाशाना, म्हणजे नवं वर्ष, ज्याला आम्हा बेने इस्रायल ज्यूंची जुनी माणसं नव्याचा सण म्हणत, पंधरा-सोळा दिवसांवर आलाय. या महिन्यात माणसाने स्वतःच्या वर्षाचा हिशेब मांडायचा असतो, आणि नेमका याच दिवसांत ‘की तेत्से’ हा पाराशा, म्हणजे तोरा या आमच्या धर्मग्रंथाचा त्या आठवड्याला वाचायचा भाग, येतो. मला वर्षभरातल्या ५४ पाराशांमध्ये हा सगळ्यात जवळचा वाटतो, हे आज लिहूनच ठेवतो.

वरवर पाहिलं तर त्यात काही सूत्र नाही. ना समुद्र दुभंगतो, ना पर्वतावर वीज कडाडते. मोशे (मोझेस) म्हातारा झालाय, यार्देन नदीच्या अलीकडे उभा राहून लोकांना एकामागून एक नियम सांगतोय. तोरातल्या ६१३ आज्ञांपैकी ७४ या एकाच पाराशात आहेत, इतक्या दुसऱ्या कुठल्याच पाराशात नाहीत. गच्चीला कठडा बांध. शेजाऱ्याचा चुकलेला बैल दिसला तर नजर चुकवून पुढे जाऊ नकोस. शेतात पेंढी विसरलास तर परत जाऊन उचलू नकोस, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. शेजाऱ्याच्या मळ्यात गेलास तर पोटभर द्राक्षं खा, पण टोपलीत भरू नकोस. ठाण्याच्या आमच्या शाआर हाशामाईम या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळात, हे ऐकताना बोट मराठी पानावर आणि कान हिब्रूवर, अशी माझी सवय आहे. आज टेंभी नाक्यावर अनंत चतुर्दशीचे ढोल सकाळपासूनच वाजत होते, तरी वाचन करणाऱ्या हजानांचा एकेक शब्द नीट पोचत होता.

पाराशा सात आलियांत, म्हणजे सात टप्प्यांत वाचतात; सहाव्या आलियात ती ओळ आली. मी तिची वाटच पाहत असतो.

शेजाऱ्याला कर्ज दिलंस आणि गहाण घ्यायला गेलास, तर त्याच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा. ज्याला कर्ज दिलंस तोच गहाण बाहेर आणून देईल. आणि तो गरीब असला, तर त्याचं पांघरूण ठेवून घेऊन झोपू नकोस. सूर्य मावळताना ते परत कर, म्हणजे तो त्यात झोपेल आणि तुला दुवा देईल.

त्याच्या थोडं आधी आहे: जात्याचा खालचा दगड गहाण घेऊ नकोस, वरचा तर नाहीच, कारण मग तू माणसाचा जीवच गहाण घेतलास. आणि थोडं पुढे: विधवेचं वस्त्र गहाण घेऊ नकोस.

कर्ज खोटं आहे, बुडालं तरी चालेल, असं तोरा इथे म्हणत नाही. कर्ज खरं आहे, देणाऱ्याचा हक्क खरा आहे, गहाण मागणंही रास्त आहे. फक्त उंबरठ्यापाशी त्याचा हक्क थांबतो. आत काय आहे, किती भांडी, किती अंथरुणं, कुठली भिंत पोपडे धरलेली, हे पाहण्याचा अधिकार त्याला पैशाने मिळत नाही. आणि कोणती वस्तू दिल्याने घर चालू राहील, हे घरातला माणूसच ठरवणार. रब्बींनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात हे आणखी बारकाईने मांडलंय: न्यायालयाला विचारल्याशिवाय गहाण घ्यायचंच नाही, घरात शिरायचं नाही, आणि घेतलंच तर उशी रात्री परत द्यायची, नांगर दिवसा परत द्यायचा. म्हणजे सावकाराने रोज दोन खेपा घालायच्या! माझ्या मते हा नियम मुद्दाम गैरसोयीचा केलाय. रोज संध्याकाळी ज्याच्या दारात उशी घेऊन जावं लागतं, त्याला माणूस नुसती थकबाकी म्हणून पाहू शकत नाही.

मी आयुष्याची नोकरी एका पतसंस्थेच्या वसुली विभागात काढली, म्हणून ही ओळ माझ्या अंगाला लागते. सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुलीचा दाखला, जप्तीची नोटीस, पंचनामा, जामीनदाराला गाठणं, हे माझे रोजचे शब्द. काही जण चपला-बुटांसकट सरळ आत शिरत, मोठ्याने आकडा सांगत, शेजारपाजार ऐकेल अशा बेताने. लाज हेच त्यांचं हत्यार होतं आणि ते चालायचंही. पण मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते साहेब कधी उंबरा ओलांडत नसत. एका चाळीतला प्रसंग डोळ्यांपुढे आहे. शिंपीकाम करणारा थकबाकीदार. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता, आम्हाला पाहून तो थांबला. साहेब ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, दादांना बाहेर पाठवा, आम्ही इथेच थांबतो.” घरातून “आत या, चहा घ्या” झालं, तरी ते हलले नाहीत. माणूस बाहेर आला, पुन्हा आत गेला, बायकोशी काही बोलला, आणि परत येऊन म्हणाला, “टीव्ही लिहा. मशीन नको.” साहेबांनी टीव्ही लिहिला. मशीनचा म विचारला नाही.

साहेब वारकरी घरातले. तोरा त्यांनी ऐकली असण्याचं काही कारण नव्हतं. त्या दिवशी ओट्यावर त्यांच्या मागे उभा असताना मला मात्र शनिवारी ऐकलेला पाराशाच समोर घडताना दिसत होता.

पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाचलं तेव्हा मी थक्क झालो. १९०८चा कायदा. हुकूमनाम्याच्या वसुलीत काय जप्त करता येत नाही त्याची यादी: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि गुरं, धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. जातं, पांघरूण, नांगर, विधवेचं वस्त्र, सगळं तिथे आहे. इंग्रजांनी ते कुठून घेतलं याच्याशी मला कर्तव्य नाही. इतक्या लांबच्या दोन काळांत माणसांना एकाच जागी थांबावंसं वाटलं, याचाच मला धीर येतो.

आता मात्र दार बदललंय. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप निघाली आणि वसुलीवाले ओट्यावर यायचेच बंद झाले. ते फोनमधून थेट आत शिरले. नातेवाइकांचे नंबर, फोटो, सगळं उचललं, आणि हप्ता चुकला की मेव्हण्याला, ऑफिसातल्या साहेबाला फोन. आमच्या सोसायटीतला एक मुलगा यात असा पोळला की काही महिने कुणाच्या नजरेला नजर देईना. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले: कर्जाच्या ॲपने फोनमधली नावांची यादी, फाइली, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही, आणि वसुलीचे फोन सकाळी ८च्या आधी नि संध्याकाळी ७नंतर करायचे नाहीत. संध्याकाळी ७! सूर्य मावळताना पांघरूण परत दे, याच्या किती जवळचं आहे हे. नियम पाळले जातात का, हा प्रश्न उरतोच, पण निदान उंबरठा कुठे आहे हे कुणीतरी पुन्हा आखून दिलं.

याच पाराशात एक आज्ञा आहे, चार शब्दांची: मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नकोस. धान्य त्याच्या पायाखाली आहे, वास नाकात आहे, आणि तोंड बांधलेलं, हे चालायचं नाही. रब्बींनी हा नियम कामाच्या सगळ्याच जनावरांना लावला.

ही ओळ आली की मला आजी आठवते. तिच्या सासरी, अलिबागकडे, तेलाचा घाणा होता. आम्हा बेने इस्रायलांना कोकणात शनवार तेली म्हणायचे ते याचमुळे, शनिवारी घाणा बंद. आजी सांगायची, घाण्यातून निघालेल्या पेंडीचा पहिला मूठभर तुकडा बैलाच्या तोंडात जायचा, मगच बाकीची विकायला. तिला पाराशाचं नावही ठाऊक नव्हतं. तिच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांकडे सेफर तोराच, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळीच, नव्हती. आमची पहिली मशीद (आमच्या बोलीत सिनेगॉगला मशीदच म्हणत) मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधली. त्याआधी गावोगावी पसरलेल्या या घरांकडे होतं काय? ‘शेमा इस्रायल’ ही प्रार्थना, मुलांची सुंता, खवले नि पर असलेलेच मासे, आणि शनिवार. शिवाय नव्याच्या सणासारखे काही सण. दर आठवड्याचं वाचन नाही, रब्बी नाही, पुस्तक नाही. तरी घाणा शनिवारी थांबायचा, म्हणजे त्या बैलालाही आठवड्यातला एक दिवस मोकळा मिळायचा. आणि मोशे दहा आज्ञा पुन्हा सांगतो तेव्हा शब्बाथच्या आज्ञेत बैलाचं नाव घेऊनच सांगतो की त्यालाही विश्रांती दे. ज्यांनी ती ओळ वाचली नव्हती त्यांनी ती पाळली. मला आमच्या लोकांचा अभिमान वाटतो तो मुख्यतः या गोष्टीचा.

सगळाच पाराशा मला पचतो असं नाही. युद्धात पकडलेल्या बाईचा नियम पहिल्याच ओळीत येतो. तिला महिनाभर तिच्या आईबापांसाठी रडू द्यावं, आणि नकोशी झाली तर विकू नये, मोकळं सोडावं, असं तोरा सांगते. त्या काळाला ती मोठी आडकाठी होती हे मी समजतो, पण वाचताना गळ्याशी काही अडकतंच. हट्टी, उधळ्या मुलाला दगडांनी मारण्याचा नियम तर रब्बींनाही सोसला नाही. अटींवर अटी घालून त्यांनी तो इतका आवळला की तालमूद या त्यांच्या चर्चांच्या ग्रंथात सरळ म्हटलंय, असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही. आपल्या ग्रंथाशी इतक्या प्रेमाने भांडणारे गुरू मला लाभले, याचं मोल मोठं आहे.

हावदालानंतर लेकीचा इस्रायलमधल्या अशदोदहून फोन आला. तिथेही आज हाच पाराशा होता. ती म्हणाली, “बाबा, तुमची दाराची ओळ ऐकली. पण मी शेवटाशी अडकले.” शेवट म्हणजे अमालेक, इजिप्तमधून निघालेल्या इस्रायली लोकांवर वाटेत हल्ला करणारा शत्रू: त्याने काय केलं ते आठवणीत ठेव, विसरू नकोस. तिने गेली दोन वर्षं सायरन ऐकत काढली आहेत. तिच्याकडे ही ओळ ज्या वजनाने पोचते, ते ठाण्यात बसून मला मोजता येणार नाही, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. तिने मात्र मला पुढचा पासुक, म्हणजे पुढची ओळ, वाचून दाखवला. अमालेकचा गुन्हा तोराने नेमका सांगितलाय: तुम्ही थकलेभागलेले असताना त्याने वाटेत गाठलं आणि मागे रेंगाळणाऱ्या, अशक्त लोकांवर घाला घातला. “म्हणजे जो थांबायला हवा होता तिथे थांबला नाही, तो,” ती म्हणाली. मी इतकी वर्षं हा पाराशा ऐकतोय, पण सुरुवातीचे नियम आणि हा शेवट असे जोडून कधी पाहिले नव्हते.

मग आम्ही बराच वेळ यावर बोललो की रांगेच्या मागे आज कोण आहे. तिच्या इमारतीत म्हाताऱ्यांची सेवा करायला परदेशातून आलेल्या बायका आहेत, काही आपल्याकडच्याही. एकीचा पगार घरच्या लोकांनी दोन महिने लांबवलाय. पाराशात तेही आहे: मजूर तुझा असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. लेक उद्या त्या घरी जाऊन बोलणार आहे. मी म्हटलं, आधी त्या बाईला विचार, तिला हे चालेल का. नोकरी तिची आहे.

पुढच्या शनिवारी ‘की तावो’, पहिल्या पिकाच्या टोपलीचा पाराशा. तो तिने आधी वाचून मला सांगायचा, असं ठरलंय.