तुम्ही विचारलेत म्हणून: इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचे काय झाले?

"मॅडम, तहसीलदारच व्हायचे होते तर इंजिनिअरिंग कशाला केलेत?" हा प्रश्न मला कार्यालयात विचारतात, लग्नकार्यात विचारतात, आणि ज्यांची मुले सध्या इंजिनिअरिंगला आहेत असे पालक तर हटकून विचारतात. चार वर्षे फुकट गेली असे वाटत नाही का, हा त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न बहुतेक जण संकोचाने गिळतात.

खरे सांगायचे तर प्रवेश घेतला तेव्हा माझे काहीच ठरलेले नव्हते. शेवटच्या वर्षाला असताना अभ्यासिकेत शेजारी बसणारी मैत्रीण राज्यसेवेची, म्हणजे तहसीलदारासारखी पदे भरणाऱ्या एमपीएससीच्या परीक्षेची, तयारी करत होती आणि स्थापत्य अभियांत्रिकीचे पुस्तक मिटून मी तिची पुस्तके चाळू लागले, एवढीच माझी प्रेरणा. घरच्यांनी होकार दिला तो "पदवी आहेच हाताशी" या भरवशावर. पदवी हा विमा आहे हे मान्य, पण त्याला मुदत असते, आणि ती कोणी सांगत नाही. पदवीनंतर एक-दोन वर्षे रिकामी गेली तर कंपन्या समजून घेतात. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नापर्यंत बरोबरीची मुले साइटवर मुरलेली असतात आणि आपण मुलाखतीत नुसतेच वय वाढलेले फ्रेशर म्हणून बसतो. म्हणून किती प्रयत्न करायचे, हा आकडा पहिल्या प्रयत्नाआधीच घरात बोलून ठरवावा, असे माझे मत आहे.

परीक्षेच्या बाबतीत मात्र आमच्या पिढीला थोडी सवलतच मिळाली. 2012 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा, भाषेचा लेखी भाग सोडला तर, वस्तुनिष्ठ होती आणि वैकल्पिक विषयही नव्हता, त्यामुळे चार पर्यायांतले तीन खोडणे आणि नकारात्मक गुणांचा हिशेब मांडणे हे इंजिनिअरच्या हातचे काम होते. नवे स्वरूप 2023 मध्येच यायचे होते, ते पुण्यातल्या उमेदवारांच्या आंदोलनानंतर 2025 वर गेले. आता लेखी परीक्षा 1750 गुणांची आणि वर्णनात्मक आहे, मुलाखत 275 गुणांची आहे आणि वैकल्पिक विषय परत आला आहे. केंद्राच्या (यूपीएससीच्या) परीक्षेत स्थापत्य, यांत्रिकी आणि विद्युत अभियांत्रिकी हे वैकल्पिक विषय म्हणून घेता येतात, संगणक अभियांत्रिकी मात्र यादीतच नाही, हे पुष्कळांना पदवी हातात आल्यावर कळते. आणि अडचण विषयापेक्षा परिच्छेदाची असते. चार वर्षे प्रत्येक उत्तराखाली चौकट काढण्याची सवय झालेल्या मुलांना "चिकित्सा करा" म्हटले की हात अडतो.

ती चौकट माझ्या हातून सुटायला नोकरीतले पहिले वर्ष जावे लागले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली एका शेतकऱ्याने शेतात जाण्यासाठी रस्ता मागितला होता. तलाठ्याने जीपच्या बॉनेटवर गटनकाशा पसरला आणि मी तत्काळ, सामनेवाल्याच्या, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज होता त्या शेजाऱ्याच्या, शेतातून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सर्वांत कमी लांबीची तिरकी रेघ बोटाने ओढली. मंडळ अधिकारी खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, कलम हद्दीवरच्या रस्त्याचे आहे. मधून दिला तर आदेश टिकणार नाही." रेघ अचूक होती, पण मी सोडवत होते ते गणितच दुसरे होते.

सामनेवाल्याचे म्हणणे असे की अर्जदाराला ओढ्यातून जुनी वाट आहेच, याला फक्त जवळची वाट हवी आहे. दोघांना घेऊन मी ती वाट चालत गेले. उन्हाळ्यात ओढा कोरडा ठणठणीत होता आणि पात्रात बैलगाडीची चाकोरीही दिसत होती, त्यामुळे सामनेवाल्याचे म्हणणे जवळजवळ पटलेच होते; तेवढ्यात काठच्या झुडपांत छातीच्या उंचीवर अडकलेला वाळका पालापाचोळा दिसला. पूररेषा अशीच वाचायची असते, हे मला कॉलेजातच शिकवलेले होते. टेप लावून उंची मोजली, पंचनाम्यात नोंदवली, आणि पावसाळ्यात ही वाट वापरता येत नाही, हा निष्कर्ष दोघांच्या समक्ष वाचून दाखवला. तुमचा हिशेब करायचा असेल तर चार वर्षांपैकी एवढा भाग त्या दिवशी वसूल झाला असे धरा.

आदेश लिहायला मात्र पदवीचा काही उपयोग झाला नाही. पहिला मसुदा पाऊण पानाचा झाला: मोजमाप, कलम, निर्णय. अव्वल कारकुनांनी तो वाचला आणि सामनेवाल्याचे म्हणणे यात कुठे आहे, असे विचारले. त्याचा दावा खोटा ठरला आहे, मग लिहायचा कशाला, असे मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, जो हरला तोच हा कागद सगळ्यात जास्त वेळा वाचणार आहे." निर्णयाविरुद्ध एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो, हेही त्यांनी आठवण करून दिले. दुसरा मसुदा सहा पानांचा झाला, आणि त्यातली पहिली अडीच पाने सामनेवाल्याच्या म्हणण्याची होती.