जिन्याखाली कोण बसतं?

चाळीतल्या खोलीचं माप घ्यायला गेलो की मी आधी वर बघतो. नव्या फ्लॅटची उंची नऊ-साडेनऊ फुटांवर संपते, जुन्या खोल्या बारा-साडेबारा फूट जातात. म्हणूनच लालबाग-परळात जवळजवळ प्रत्येक खोलीला पोटमाळा. ही खोलीही तशीच होती. १० बाय १२, उंची साडेबारा फूट, मागच्या अर्ध्या भागावर लोखंडी अँगलवर फळ्या टाकून केलेला माळा आणि भिंतीलगत त्याचा उभा जिना. माणसं पाच. आजी, तिचा मुलगा, सून, अकरावीतली नात आणि तिचा धाकटा भाऊ.

मुलाचं सगळं आधीच ठरलेलं होतं. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. जिन्याखाली तीन मोठे ड्रॉवर, बोट लावलं की सरकन बाहेर. "मिस्त्री, ही जागा अख्खी वाया जातेय. इथं ड्रॉवर करा, मग कपाट काढून टाकू आणि तिथं पोरीला टेबल."

असे व्हिडिओ मीही बघतो. छान असतात. फक्त त्या घरांमध्ये जिन्यासमोर कुणी झोपलेलं दिसत नाही.

मी टेप काढली. माळ्याची खालची बाजू जमिनीपासून ७ फुटांवर, जिन्याचा पसारा साडेचार फूट, रुंदी २ फूट. पायऱ्या नऊ इंचांच्या, म्हणजे चढताना रेलिंग धरायलाच लागणार. मापं कागदावर उतरवून खाली वाकलो आणि भिंतीकडे लक्ष गेलं. जमिनीपासून दोन फुटांवर एक खिळा होता. उभा माणूस इतक्या खाली खिळा कधी ठोकत नाही. त्याला एक कापडी बटवा लटकत होता. बाजूला रंगावर तेलाचा डाग, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर. खालच्या लाद्या बाकी खोलीत खरबरीत झालेल्या, इथं मात्र दोन लाद्या गुळगुळीत.

"आजी, तुमचं काही सांगायचंय का? काय हवं, काय नको?" मी विचारलं.

"माका काय नको रे झिला. तुमका व्हया तसा करा."

मुलगा खाली पाणी आणायला गेला तेव्हा सुनेनं हळूच सांगितलं. दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की आजी तिथं बसते. मशेरी लावते, गावाला बहिणीशी फोनवर बोलते, डुलकी काढते. नातीला मशेरीचा वास आवडत नाही, म्हणून ती घरात असेल तेव्हाही आजी तिथंच तोंड फिरवून. पाच माणसांच्या खोलीत तोंड फिरवायला तेवढीच जागा.

माझे आजोबा याच भागात गावकऱ्यांच्या खोलीत राहत. गिरणीत तीन पाळ्या, त्यामुळे एका खोलीत वीस-पंचवीस माणसं मावायची. एक पाळी कामावर, एक झोपलेली. प्रत्येकाचं स्वतःचं म्हणाल तर एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. दुसऱ्याच्या खुंटीला हात लावायचा नाही, हा नियम कुठंही लिहिलेला नव्हता. आमच्या घरात ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की खिळा दिसला की मी तो कुणाचा ते विचारतो.

पण मुलाला हे सांगून भागलं नसतं. तो म्हणाला असता, आई कुठंही बसेल. आणि आजीनंच त्याला दुजोरा दिला असता. म्हणून मी त्याला सुताराचा हिशोब दाखवला. जिन्याखालचा ड्रॉवर दोन फूट खोल. तो पूर्ण उघडायला समोर दोन फूट मोकळी जमीन हवी, शिवाय उघडणाऱ्याला उभं राहायला आणखी दीड. रात्री तिथं गादी असते. सकाळी साडेसहाला धाकट्याचा युनिफॉर्म काढायचा तर आधी बापाला उठवायचं. त्यानं गादी कुठवर येते ते पावलांनी मोजून बघितलं आणि गप्प झाला.

मग जिन्याचे दोन भाग केले. पायथ्यापासून पहिल्या दोन फुटांत उंची तीन फुटांहून कमी, तिथं माणूस बसूच शकत नाही. त्या भागातल्या खालच्या तीन पायऱ्यांना पेटी केली आणि पायरीच्या फळीलाच मागून बिजागरी लावली. झाकण वर उघडतं, समोर जागा लागत नाही. इस्त्री, पाने-पक्कड, छत्र्या, चपलांचे जादा जोड तिथं गेले. फळीखाली चारही बाजूंनी बटाम, म्हणजे आधाराची लाकडी पट्टी दिली. माणसाचा भार बिजागरीवर येता कामा नये. उरलेल्या अडीच फुटांना मी हात लावला नाही. खिळा तेवढा जुना होता, तो काढून पितळी हूक बसवला, त्याच उंचीवर.

आता टेबल. खाली जागा नव्हतीच. माळ्यावर फळ्यांपासून छतापर्यंत ५ फूट २ इंच, उभं राहिलं की डोकं आपटणार. सगळे म्हणत होते, वर फक्त सामान राहतं. पण अभ्यास उभ्यानं कोण करतं? बसलेल्या माणसाला साडेतीन-चार फूट उंची पुरते. अडचण पायांची. मांडी घालून दोन-तीन तास लिहिलं की पाठ जाते आणि खुर्ची ठेवली तर डोक्यावर जेमतेम फूट-सव्वा फूट जागा उरते, वर खुर्ची सरकवायला माळ्याला रुंदी नाही.

माळ्याखालीच जुनं लाकडी कपाट होतं, थेट वरपर्यंत भिडलेलं. त्याचा वरचा कप्पा उघडायला सांगितला. मिक्सरचं रिकामं खोकं. टीव्हीचं रिकामं खोकं, आतल्या थर्माकोलसकट. एका इस्त्रीचं खोकं, जी इस्त्री सुनेच्या म्हणण्यानुसार लग्नाच्या वर्षीच बिघडली होती. "वॉरंटीला लागतात," मुलगा म्हणाला. मुंबईतल्या घरांमध्ये सगळ्यात जास्त जागा हवा साठवायला जाते, असं माझं मत आहे.

खोकी गेली आणि १२ इंचांचा कप्पा रिकामा झाला. माळ्याची जाडी ४ इंच. दोन्ही मिळून १६, म्हणजे खुर्चीवर बसल्यावर गुडघ्यापासून तळव्यापर्यंत जेवढं लागतं तेवढं. माळ्याच्या फळ्या तिथं कापून खाली पेटी सोडायची, पोरीनं कडेला बसून पाय त्या पेटीत सोडायचे आणि समोर फळ्यांपासून एक फुटावर लिहायची फळी.

हे जमणार की नाही ते अँगलवर होतं. फळी कापता येते, अँगल कापायचा नाही. अशा जुन्या इमारतीत तर नाहीच. फळी उचकटून बघितलं तर दोन अँगलमध्ये २२ इंच मोकळे. पेटी २० इंच रुंद बसली, दोन सूत, म्हणजे पाव इंचही कुठं अडलं नाही. कापलेल्या फळ्यांची टोकं लोंबकळू नयेत म्हणून दोन्ही अँगलवर टेकवून आडवे बटाम टाकले. प्लाय १२ एमएमचा वापरला. १८ एमएमची आठ बाय चारची एक शीट तीसेक किलोची होते, माळ्यावर उगाच तेवढं वजन कशाला? कापलेल्या सगळ्या कडा काचपेपरनं घासून गोल केल्या, नाहीतर पोटऱ्यांना टोचतात.

सीलिंग फॅनचं पातं माळ्याच्या कडेपासून हातभर अंतरावर होतं. मुलगा म्हणाला, चालेल. मी म्हटलं, चालणार नाही, पोरगी आळस देणार आणि हात पात्यात जाणार. फॅन पुढं सरकवून घेतला, कडेला कमरेइतकं रेलिंग केलं आणि वर छोटा वॉल फॅन दिला. ते पैसे द्यायला त्यानं सगळ्यात जास्त कुरकुर केली.

गणपतीचं मखर आणि दिव्यांच्या माळा दाराच्या वर गेल्या. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी एकदा स्टूल घेतलं तर बिघडत नाही. सुनेनं मात्र शेवटच्या दिवशी मला धरलं. "सगळ्यांचं झालं, माझं काय केलंत?" खरं होतं. तिला ओट्याशेजारच्या खिडकीत साडेसात इंचांची भिंतीची जाडी मोकळी पडलेली दाखवली आणि तिथं दोन फळ्या बसवून दिल्या, मसाल्याच्या डब्यांना. त्याचे पैसे घेतले नाहीत.

नात पहिल्यांदा पेटीत पाय सोडून बसली तेव्हा खाली तिच्या भावानं कपाट उघडून वर टकटक केली. हा खेळ नंतर इतका वाढला की सुनेनं त्या कप्प्याला कुलूप लावलं.

शेजारच्यांनी ते बघितलं आणि लगेच तसंच हवं म्हणाले. त्यांचा माळा त्याच मापाचा, पण अँगल बरोबर मधोमध येतो, दोन्हीकडे ११ इंच. पेटी बसत नाही. "अँगल थोडा सरकवा," ते म्हणाले. मी नकार दिला. त्यांच्याकडे मोरीच्या कठड्यावर बरीच जागा आहे, पण ती ओली असते आणि तिथं सकाळी कोण काय करतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. रविवारी सगळे घरी असतात, तेव्हा जाऊन बसणार आहे.