माशांच्या टँकच्या फिल्टरमध्ये काय भरायचं? माझं मत स्पंजला
दुकानदार आधी सिरॅमिक रिंग्जचं पाकीट हातात देतो, रिंग्ज चांगल्याच असतात पण त्यांची बारीक छिद्रं गाळाने बुजली की आत राहणाऱ्या, पाणी साफ ठेवणाऱ्या बॅक्टेरियाला ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून पाणी आधी स्पंजमधून आणि मगच रिंग्जवर यायला हवं. छोट्या टँकला तर मी नुसता जाड स्पंजच सांगेन, स्वस्त आणि धुवायला सोपा. हे बॅक्टेरिया माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते नीट बसायला साधारण 4-6 आठवडे लागतात, तोवर भराभर मासे आणू नका प्लीज!! आणि स्पंज नळाखाली अजिबात नाही, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा. गोल्डफिश असतील तर मीडिया (म्हणजे फिल्टरमधला स्पंज, रिंग्ज वगैरे) जास्तच ठेवा, ते घाण फार करतात.