बांधावरून

आमच्या घरात ‘बांध’ हा शब्द जपून वापरतात. आप्पांचं गाव मंगळवेढ्याकडचं. सपाट काळं रान, ज्वारी, आणि आप्पा व त्यांचे चुलतभाऊ यांच्या मधोमध एक बांध. तो दीड फूट इकडे हवा की तिकडे, हे एकोणीस वर्षं ठरतंय. मोजणी दोनदा झाली. पुरणपोळीच्या पंगतीत कुणाच्या तोंडून चुकून बांध निघाला, तर ताक येईपर्यंत गट नंबर ऐकावा लागतो.

म्हणून जुलैत रतनवाडीला जायचं ठरलं तेव्हा मी भंडारदरा, धबधबे आणि अमृतेश्वराचं देऊळ एवढंच सांगितलं. शेंडी मागे पडली, रस्ता धरणाच्या कडेकडेनं वळू लागला, आणि समोर डोंगराच्या पायापासून वरपर्यंत बांधच बांध! आप्पांनी काच खाली केली. पाऊस आत आला. कुणीच काही बोललं नाही.

आम्ही उतरलो त्या घरातल्या दादांची खाचरं परसापासूनच सुरू होत होती. ‘रान किती?’ आप्पांनी विचारलं. आमच्याकडे याचं उत्तर एकरात येतं. दादा म्हणाले, ‘एकतीस खाचरं.’ त्यातलं एखादं अंगणाएवढं, एखादं तर आमच्या पुण्यातल्या हॉलपेक्षाही लहान. डोंगरानं जिथं जेवढं सपाट होऊ दिलं तेवढा तुकडा, आणि त्याला दगडमातीची कड. उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसाला त्या काळ्या तुकड्यावर भात पेरायचं, रोप वीतभर झालं की उपटून मुठी बांधायच्या आणि खाचरातल्या चिखलात लावायच्या. आम्ही गेलो तेव्हा नेमकी आवणी चालू होती. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतलेल्या बायका कमरेत वाकून मागं मागं सरकत होत्या. इरलं एकाच आजीकडे दिसलं.

बांधावरून चालायचं म्हणजे एकामागे एक. रुंदी पावलाएवढी, वर ओलं गवत. आई पुढे, आणि तिच्या गुडघ्यांची चाल तीच सगळ्या घराची चाल. आम्ही पाचजण इतका वेळ एका ओळीत, फोन खिशात ठेवून चाललोय, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असेल. (तेही पडायच्या भीतीनं.) तरी लेक पडलीच, थेट चिखलात. जवळच्या मावशी धावल्या. त्यांनी आधी आडवी झालेली रोपं सरळ केली, मग लेकीला.

आप्पा मात्र उकिडवे बसून बांध बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, ‘हितं कुणी बांध कोरत न्हाई व्हय?’

‘कोरून करायचं काय, बाबा?’ दादा म्हणाले. ‘खालच्यानं कोरला तर वरचा बांध त्याच्याच भातावर बसल. आमचं भांडाण खेकड्यांशी. बिळं पाडतात, रातीत खाचर मोकळं होतं.’

‘आमच्याकडं खेकडं नसत्यात,’ आप्पा म्हणाले, ‘चुलतभाऊ असत्यात.’

दादा इतके हसले की हातातली मूठ खाली पडली.

संध्याकाळी देवळात गेलो. गाभाऱ्यात पाणी भरलेलं, पिंड त्यात बुडालेली. बाहेर आईला कुणीतरी सांगितलं, रतनगडावरून येते ती प्रवरा. माळकरी बाई ती, लगेच हात जोडले. ‘म्हणजे हेच पाणी नेवाशाला जातं. ज्ञानेश्वरी झाली त्या गावाला.’ आप्पांचा हिशेब निराळा. ‘या खाचरातून त्या खाचरात, तिथनं धरणात, तिथनं गोदावरीत. भीमेला थेंब न्हाई.’ रात्री खेकड्याचं कालवण होतं, आईला आमटी. इंद्रायणी भाताच्या वाफेनं सगळं घर भरलेलं, आणि आप्पांना भाकरीच हवी होती. मावशींनी नाचणीची दिली. तीवर त्यांनी काही मत दिलं नाही, पण तीन खाल्ल्या.

सकाळी निघायच्या वेळी आप्पा दिसेनात. बघतो तर परसामागच्या खाचरात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, टाचेनं चिखल दाबत होते. बांधाच्या कोपऱ्यात भोक पडलं होतं, त्यातून पाणी धो धो खाली चाललं होतं, ते त्यांनी दगड-माती घालून बंद केलं होतं. ‘केवढं पाणी चाललं होतं!’ ते मला म्हणाले. शेजारी दादा उभे. त्यांनी आप्पांना हात देऊन वर घेतलं, पाय धुवायला तांब्या दिला, ‘बेस झालं’ म्हणाले.

गाडी वळली तेव्हा मी आरशात पाहिलं. दादा कोपऱ्यात वाकून तो दगड काढत होते. जादा पाणी खाली सोडायला त्यांनीच ठेवलेलं तोंड होतं ते.

आप्पा पुढच्या सीटवर बसून नखातला चिखल काढत होते. मी आरसा थोडा वर केला.